जावयाच्या ताटातले हुलगे

१९९९ चा उन्हाळा, धोंड्याचा महिना, रविवार दुपार. स्थळ कोडोली, माझं माहेर. हजर: आई, वडील, भाऊ, वहिनी, वडिलांचे चुलतभाऊ म्हणजे आमचे तात्या, माझा नवरा, आमची सात वर्षांची मुलगी आणि मी. पुरुष पुढच्या सोप्यात, बायका स्वयंपाकघरात, मुलगी दोन्हीकडे.

दर अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना येतो, आणि त्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे, वर तूप, शेजारी अनारसे असं ताट वाढायचं असतं. आमच्याकडे या ताटाला फार मान. जावयानं किती खाल्लं हे गल्लीत संध्याकाळपर्यंत कळतं, आणि ताटात काय होतं हेही.

मी आठवडाभर आधी शेजारच्या फोनवरून आईला निरोप दिला होता. धोंडा एक, शास्त्रापुरता. तळलेलं नको. यांच्यासाठी हुलग्याचं माडगं आणि मऊ भात. निरोप पोचला होता, कारण घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या आईनं मला हाताला धरून आत नेलं.

"जावयाला हुलगं वाढू? बैल हाय का त्यो?"

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर कोडोलीचा न्हाई. हितं तात्या बसल्यात भाईर. त्यास्नी काय सांगू, जावयाला पेंड घातली म्हणून?"

हुलगा, म्हणजे कुळीथ, आमच्याकडे पिकतो तो माळाला, जिथं दुसरं काही येत नाही तिथं. नांगरटीच्या दिवसांत शिजवून बैलांना घालतात. माडगं, म्हणजे त्याच्या पिठाची दाटसर पेज, ही बाळंतिणीला किंवा सर्दी-पडशाला, आणि तीही घरच्या माणसाला. पाहुण्याच्या ताटात हुलगा गेला तर त्या घरात खायला नाही असा अर्थ होतो. जावयाच्या ताटात, आणि तोही धोंड्याच्या महिन्यात, असं कुणी ऐकलंही नव्हतं.

आता मागचं सांगते, म्हणजे माझा हट्ट कशासाठी होता ते कळेल.

माझा नवरा साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होता. गाडी काट्यावर येते, वजन होतं, पावती फाडायची, पुढची गाडी. हंगामात बैलगाड्या आणि ट्रॅक्टरची रांग गेटाबाहेर रस्त्यापर्यंत असते. ही खुर्ची सोडता येत नाही. १९९५ च्या हंगामात त्याला खुर्ची सोडावी लागायला लागली. आधी दिवसातून पाच-सहा वेळा, मग त्याहून जास्त, आणि मग रक्त पडायला लागलं. त्यानं मला ते सांगितलं तेव्हा बरेच दिवस गेले होते. मूळव्याध समजून तो कोणाकडून तरी आणलेली पुडी घेत होता.

कोल्हापुरातल्या पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं आणि सांगितलं की मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत. हा आजार बरा होत नाही, पण शांत ठेवता येतो. शांत राहिला नाही तर आतडं काढावं लागतं. हे शेवटचं वाक्य त्यांनी आवाज न बदलता सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या घरात प्रश्न एकच होता: आतडं राहतंय की जातंय.

मोठ्या पिवळ्या गोळ्या सुरू झाल्या. पथ्य मात्र डॉक्टरांचं कमी आणि नातेवाइकांचं जास्त. जो येईल तो सांगे, पांढरं खा. पेज, साबुदाणा, ताक-भात, पाव, बिस्कीट. कडधान्याला हात लावू नका, वातूळ असतं. आमटीसुद्धा वरचं पाणी. सूज जोरात होती तोवर हे ठीकच होतं, डॉक्टरही मऊच खा म्हणत होते. पण सूज उतरली तरी आमचं पांढरं खाणं चालूच राहिलं. दीड वर्षात तो इतका वाळला की काट्यावरचे लोक चेष्टा करायचे, साहेब, तुम्ही गाडीवर बसलासा तरी आमच्या उसात फरक पडत नाही. तो घरी येऊन हे मला हसत सांगायचा. एकदा गर्दी नसताना त्यानं स्वतः काट्यावर उभं राहून बघितलं. "आकडा हललाच नाही," म्हणाला. "त्या काट्याच्या हिशेबात मी नाहीच."

मी तेव्हा शहरातल्या एका ग्राहक भांडारात धान्य विभाग बघत असे. दिवसभर डाळी आणि कडधान्यं. गिऱ्हाइकाला तूरडाळ चकचकीत हवी, मूग सोललेला हवा. काळा घेवडा, हुलगे, मटकी, सालासकट मसूर खालच्या फळीवर. मला कामाची सवय अशी की काय आलं, काय गेलं, काय परत पाठवायचं हे लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. घरात कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता. तीन रकाने: गेलं, नाही गेलं, परत बघू. नवरा जे खाई ते आणि दुसऱ्या दिवशी पोटाचं काय झालं ते त्यात. १९९७ च्या सुरुवातीला तो कागद घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तो वाचला आणि विचारलं, "यात कडधान्य कुठंच नाही. का?"

"वातूळ असतं म्हणून."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी."

ते हसले नाहीत. त्यांनी कागदाच्या मागे आतड्याचं चित्र काढलं आणि समजावून सांगितलं. कडधान्यात एक भाग असा असतो की तो वरच्या आतड्यात पचत नाही, तसाच खाली मोठ्या आतड्यात उतरतो. तिथं जे जिवाणू असतात त्यांचं ते खाणं. ते खाऊन जिवाणू जी आम्लं तयार करतात त्यांवर आतड्याचं आतलं अस्तर पोसलं जातं. सालीत रंग आणणारी, जिभेला तुरट लागणारी द्रव्यं असतात, काळ्या-तांबड्या गडद दाण्यात जास्त. तीही बरीचशी खालपर्यंत जातात, आणि सूज धुमसत ठेवणाऱ्या गोष्टींना आवर घालायला मदत करतात असं दिसतंय. "दिसतंय, असं म्हणतोय मी. सिद्ध झालंय असं म्हणत नाही." वर्षभर पांढरं खाऊन तुम्ही त्या जिवाणूंना उपाशी ठेवलंय, असं ते म्हणाले. मग बोट उचलून त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. सूज उठली की कडधान्य बंद. आणि गोळी बंद करायची नाही. "हे जेवण आहे. औषध ते औषध."

दोन्ही गोष्टी मी त्याच कागदावर वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिल्या.

सुरुवात मुगाच्या पाण्यानं केली. मग सालीचा मूग, भरपूर शिजवून गाळून. मग न गाळता. मसूर. प्रत्येक नवीन धान्याला चार दिवस, पहिल्या दिवशी एक चमचा. भिजवून पाणी टाकायचं, मोड आणायचे, दाणा दोन बोटांत दाबला की लगदा झाला पाहिजे इतकं शिजवायचं, हिंग आणि सुंठ घालायची. मटकी गेली नाही, तिसऱ्या रकान्यात गेली. हुलगा मी सगळ्यात शेवटी घेतला, कारण तो उष्ण म्हणतात. आधी पिठाचं माडगं, लसूण-जिऱ्याचं. ते गेलं. इतकं गेलं की तो मागून घ्यायला लागला. लहानपणी त्याची आई हिवाळ्यात करायची, आणि शाळेत पोरं माडगंखाऊ म्हणून चिडवायची म्हणून त्यानं सोडून दिलं होतं.

गोळ्यांचा गुण किती आणि कडधान्याचा किती हे मला सांगता येणार नाही, डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. पण १९९७ चा हंगाम त्यानं पुरा केला. ९८ चाही. खुर्ची सोडावी लागली नाही. अंगावर थोडं मांस आलं. मुलीला खांद्यावर घेऊन तो रंकाळ्यावर फिरायला जाऊ लागला. कागदावरचा मधला रकाना महिनोन्‌महिने रिकामा राहायला लागला.

म्हणून मी धोंड्याच्या महिन्यात आईशी भांडत होते.

आईनं शेवटी ऐकलं ते माझं नाही. आमचं बोलणं सोप्यापर्यंत जात होतं. नवरा उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आला, जे आमच्याकडे जावई कधी करत नाही, आणि म्हणाला, "मामी, मला तेच द्या. मला त्याची चव लागलीय."

आई पदर सावरून भिंतीकडे वळली. थोड्या वेळानं तिनं ट्रंकेतून चांदीची वाटी काढली, माझ्या लग्नात जावयाला पहिली खीर दिली होती ती. चिंच लावून घासली. तिच्यात माडगं ओतलं आणि वर तुपाची धार सोडली. म्हणाली, "हुलगंच खाणार असतील तर चांदीतनं खाऊ देत. कोण काय म्हणत्यात बघतेच की."

ताट बाहेर गेलं. तात्यांनी वाटीत वाकून बघितलं.

"आरं, हे काय? माडगं?"

"व्हय," वडील म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

"काय पावणं, सासऱ्यानं हुलग्यावर भागवलं म्हणायचं?"

नवऱ्यानं घास घेतला, गिळला, आणि सावकाश सांगितलं की तात्या, मी चार वर्षांपूर्वी मरायला टेकलो होतो, आणि या हुलग्यावर उभा राहिलो. साल, जिवाणू, सूज, सगळं सांगितलं. तो चांगलं बोलायचा. काट्यावर बसून माणसांना समजावायची सवय होती. तात्यांनी पानातला हात थांबवून ऐकलं. वडिलांचा चेहरा हळूहळू वर आला. दाराआड आई उभी होती.

"मंजे दवापाणी सुटलं म्हणा की," तात्या म्हणाले. "हुलगं खाऊन बरं झालासा, मग गोळ्या कशाला गिळताय आता?"

"सुटल्यातच जमा आहे," नवरा म्हणाला.

मी मुलीला भरवत होते. मला वाटलं, ताटावरचं बोलणं आहे. तात्यांनी वहिनीला हाक मारून सांगितलं, "मलाबी आण गं वाटीभर. चांदीची नसली तरी चालंल." सगळे हसले. आई सुद्धा.

त्या दिवसानंतर आमच्या आईनं हुलग्याचा ध्यास घेतला. माळाच्या तुकड्यात भावाला सांगून जास्त हुलगा पेरायला लावला. मळून, पाखडून, खडा न खडा निवडून पिशवी शिवून पाठवायची. गल्लीतल्या बायकांना सांगायची, आमच्या जावयाचं आतडं सडलं हुतं, हुलग्यानं नीट केलं. गणपतीला आम्ही गेलो तर लोक यांना विचारायला आले. कुणाला गॅस, कुणाला मूळव्याध, कुणाला नुसतं बोलायचं. नवरा खाटेवर बसून सगळ्यांना सांगायचा. भाऊ त्याला गमतीनं हुलगेवालं पावणं म्हणायचा. मला ते बघून बरं वाटायचं. दोन वर्षांपूर्वी हा माणूस लग्नकार्याला जायला घाबरायचा, तिथं संडास जवळ असेल की नाही म्हणून.

गोळ्या आणायचं काम त्या उन्हाळ्यापर्यंत माझ्याकडे होतं. जूनमध्ये तो म्हणाला, कारखान्याच्या वाटेवरच्या दुकानात स्वस्त मिळतात, मी आणत जाईन. मी माझ्या यादीतून ते काढून टाकलं.

संक्रांतीच्या पुढेमागे पुन्हा सुरू झालं. या वेळी आधी मला काही कळलं नाही, कारण त्यानं काही सांगितलं नाही आणि घरी येऊन माडगं मात्र जास्त खायला लागला. सकाळी एक वाटी, रात्री दोन. सूज उठली की कडधान्य बंद, हे कपाटाच्या दारावर लिहिलेलं होतं. त्याला वाटत होतं, जास्त खाल्लं की आटोक्यात येईल.

काट्यावरचा त्याचा जोडीदार एका दुपारी आमच्या घरी आला, रिक्षातून यांना घेऊन. सांगितलं की हे उठून गेले ते परत आलेच नाहीत. बाहेर गाड्यांची रांग, गाडीवान आरडाओरडा करायला लागले, तेव्हा कोणीतरी संडासाचं दार तोडलं. जोडीदारानं त्याला स्वतःचा शर्ट घातला होता. यांचा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत होता. मी पिशवी उघडली नाही, तशीच मोरीत ठेवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कधी बंद केल्या?"

मी म्हणाले, "बंद नाहीत, चालू आहेत."

नवरा छताकडे बघत म्हणाला, "जूनमध्ये."

डॉक्टर बाहेर गेल्यावर तोच बोलला. "तात्यांसमोर बोलून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी गोळी हातात घेतली तर लाज वाटली. म्हटलं, महिनाभर बघू. महिना बरा गेला. मग गणपतीला लोक विचारायला आले. त्यांना काय सांगायचं, दोन्ही खातोय म्हणून?"

"सांगायचं ना, दोन्ही खातोय म्हणून."

"मग ऐकायला कोण आलं असतं," तो म्हणाला.

सलाईनमधून स्टिरॉइड दिलं. दोन आठवडे वाट पाहिली. रक्त थांबेना, पोट फुगायला लागलं. मिरजेहून सर्जन आले. त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आतडं फुटायच्या आत काढलं पाहिजे, पूर्ण मोठं आतडं. लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथं पिशवी लावायची, कायमची. सही मी केली. मुलीला तेव्हा वहिनीनं कोडोलीला नेलं होतं, ते चांगलं झालं.

ऑपरेशनच्या आधी त्यानं पोटाच्या डॉक्टरांना विचारलं, "हुलग्यानं केलं का हे?"

"नाही," ते म्हणाले. "हुलग्यानं नाही केलं. गोळ्या सोडल्यामुळंच झालं असंही शंभर टक्के सांगता येत नाही. हा आजार गोळ्या चालू असतानाही उठतो. पण चालू असत्या तर शक्यता बरीच कमी होती." मग ते त्याच्या पायाशी उभे राहिले. मला वाटतं त्यांनाही ते चित्र आठवत होतं, माझ्या कागदामागे काढलेलं.

तो वाचला. ते आधी लिहायला हवं होतं. पिशवी धुणं, बदलणं, कातडी जळू नये म्हणून मलम, रात्रीसाठी वेगळी चादर, हे सगळं आम्ही शिकलो. सुटी देताना आहाराची सूचना मिळाली: साल, देठ, बिया, अख्खं कडधान्य नको. पिशवीच्या तोंडाशी आतडं अरुंद असतं, दाण्याची सालं तिथं साठून अडकतात. अडकलं तर परत दवाखाना, कदाचित परत ऑपरेशन. नंतर हळूहळू काही सुरू करता येईल, पण जपून. मी विचारलं, मग त्या सालीचं, त्या जिवाणूंचं काय. सर्जन म्हणाले, "ते काम ज्या आतड्यात चालायचं ते आता नाही."

घरी आल्यावर मी कपाटाच्या दारावरचा कागद काढला. तीन वर्षं एका जागी असल्यामुळं खालचा रंग वेगळा निघाला. तिथं नवीन कागद लावला. रकाने तेच.

आता आईचं. तिला मी काय सांगितलं होतं? पोटाचं ऑपरेशन झालं, बरं आहे. ती भेटायला आली तेव्हा नवऱ्यानं पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं होतं. ती गेल्यावर म्हणाला, "पिशवीचं सांगू नको. गावात सगळीकडं होईल."

"ते नाही सांगत. पण हुलगे आता चालत नाहीत, एवढं तरी सांगते."

"तेही नको."

"का?"

"मामीनं माझ्यासाठी चांदीची वाटी काढली होती." एवढंच.

तिनं येताना हुलग्यांची पिशवी आणली होती. स्वयंपाकघरात ठेवून गेली.

पुढचा धोंड्याचा महिना २००१ ला आला, नवरात्राच्या आधी. मी नाही म्हणणार होते. नवरा म्हणाला, जाऊ या, नाही गेलो तर विचारायला येतील. कोडोलीला पोचलो. माणसं तीच, तात्या आता काठी घेऊन. ताट आलं. मधोमध चांदीची वाटी, आणि तिच्यात माडगं नव्हतं. मोड आलेल्या हुलग्याची उसळ होती, दाणा न् दाणा वेगळा, सालासकट.

"तूच म्हणाली हुतीस न्हवं, गुण सालीत असतो म्हणून," आई दारातून मला म्हणाली. "दोन दिस मोड आणल्यात. साल जाऊ दिली न्हाई एकाची."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं नाही. चमचा उचलला. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. चावत होता, बराच वेळ चावत होता. शर्टाच्या आत डाव्या हातानं पोटावर काहीतरी सारखं करत होता, आणि तिसऱ्यांदा चमचा वाटीत गेला.

मी पुढं होऊन वाटी उचलली.

जावयाच्या ताटातलं, जेवण चालू असताना, लेकीनं उचलून घ्यायचं. वडिलांचा घास हातातच राहिला. मी म्हणाले, "मला भूक लागलीय," आणि उभ्यानंच खायला लागले. उसळ चांगली झाली होती. ओलं खोबरं, वरून कोथिंबीर. मी सगळी खाल्ली.

तात्याच शेवटी हसले. "बघा पावणं, लेकीलाबी लागलं की याड हुलग्याचं. वहिनीसाहेब, दुसरी वाटी भरा जावयाला."

"नको," मी म्हणाले. "त्यांचं पोट भरलंय."

आई आत गेली. नंतर तिनं मला मोरीपाशी गाठलं. ती चिडलेली नव्हती. तिनं खालच्या आवाजात विचारलं, "तुमचं दोघांचं नीट हाय न्हवं?"

मी म्हणाले, नीट आहे.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मी पिशवीवर लक्ष ठेवलं. दोन घासांनी काही झालं नाही.

आता २००४ चा श्रावण आहे, पुन्हा अधिक. गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. शेजारच्या घरातल्या नव्या सुनेला रक्त पडतंय, पन्हाळ्याच्या डॉक्टरांनी यांच्याच आजाराचं नाव सांगितलंय, त्याच पिवळ्या गोळ्या. आईनं तिला सांगितलंय की गोळ्यांनी काही होत नाही, आमच्या जावयानं फेकून दिल्या, तू माडगं सुरू कर. हुलगंही पाठवलंय.

मी वहिनीला फोनवरच सांगितलं, तिला आत्ताच्या आत्ता जाऊन सांग, गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. रक्त थांबेपर्यंत हुलगा नाही, नंतर डॉक्टरांना विचारून, थोडा, मऊ, गाळून. हवं असेल तर इकडे घेऊन ये, मी डॉक्टरांकडे नेते. वहिनी लगेच गेली, आणि संध्याकाळी परत फोन करून सांगितलं की सुनेनं ऐकलंय, सोमवारी कोल्हापूरला येते. सोमवारी आली. मी तिला घेऊन गेले. वहिनीनं कारण विचारलं नाही, ते तिचं मला आवडतं.

या वर्षीचे हुलगे परवाच आले. आईनं स्वतःच्या हातानं पिशवी शिवलीय. डोळ्यांनी नीट दिसत नाही आता, टाके वाकडे पडलेत. हुलग्यात मात्र एक खडा नाही. मुलगी बारा वर्षांची झाली, ती आणि मी आठवड्यातून दोनदा माडगं करून खातो, नवऱ्याला भात आणि गाळलेलं मुगाचं वरण. तो तिच्या वाटीचा वास घेतो आणि म्हणतो, लसूण कमी पडला.

कोडोलीहून आमंत्रण आलंय, येत्या रविवारचं. यादी केली आहे. पिशव्या आणि मलम, जास्तीचे दोन शर्ट, आईच्या चष्म्याचा नंबर काढायला डॉक्टरांची चिठ्ठी, वहिनीला साडी. सगळ्यात खाली, तीन वर्षांपूर्वीच्या यादीतून उतरवून घेतलेलं: आईला सांगणे. त्यापुढं अजून खूण नाही.